गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना खुले पत्र: फिल्टर मागवण्याआधी विहीर बघा

मंडळी, सप्रेम नमस्कार.

श्रावण सरत आला की मुंबई, ठाणे, पुण्याहून मला फोन सुरू होतात. विषय ठरलेला असतो. घर उघडलं, मोटार लावली आणि "नळाक नुसतो चिखल येता. एक बरोसो फिल्टर आणून बसव, पैशांचा बघू नको." मी सिंधुदुर्गातल्या खेड्यांतून पंप, मोटारी आणि नळाची कामं करतो. फिल्टर विकण्यात माझा तोटा काहीच नाही. तरीही हे पत्र फिल्टर न मागवण्याबद्दल आहे, निदान सगळ्यात आधी तोच न मागवण्याबद्दल. गाळ कुठून येतो हे न बघता नळाशी फिल्टर लावणं म्हणजे गळक्या छपराखाली टोप ठेवण्यातली गत. टोप भरतो, तुम्ही तो ओतता, छप्पर तसंच राहतं.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण ती करून मग फोन करणारा क्वचितच भेटतो. विहिरीत दोर सोडून एक कळशी पाणी काढा आणि नळाच्या पाण्याशेजारी ठेवा. कळशीतलं निवळ आणि नळाचं गढूळ असेल तर विहिरीचा काही दोष नाही. टाकी दहा महिने बंद होती, तळाशी बोटभर साका बसला होता आणि मोटारीच्या पहिल्या धारेने तो ढवळला, एवढंच झालंय. जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतील तर त्यांचा गंजही त्यात असतो. टाकी धुवायची, पाइपांतलं पहिलं पाणी माडाला सोडून द्यायचं, काम संपलं. टाकीचा बाहेर जाणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर असावा आणि साका काढायला अगदी तळाला वेगळा कॉक असावा. नवी टाकी बसवताना एवढं केलं तरी निम्मी कटकट कमी होते. आपल्याकडे तो तळाचा कॉक बहुतेक जण बसवतच नाहीत.

दोन्ही पाणी गढूळ असेल तर मग पुढची तपासणी. विहिरीचं पाणी काचेच्या उंच बरणीत भरा, झाकण लावा आणि रात्रभर कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवा. पाच-दहा मिनिटांतच कण तळाला बसले आणि बोटांना खरखरीत लागले, तर ती रेती. सकाळपर्यंत तळाला मातीचा थर आणि वर निवळ पाणी, तर तो पोयटा, म्हणजे बहुधा बाहेरून आलेली माती. सकाळीही पाणी दुधासारखं किंवा पिवळट राहिलं तर ती शेडी, म्हणजे जांभ्याखालची मऊ, बारीक माती. आणि भरताना स्वच्छ असलेलं पाणी काही तासांनी तांबूस झालं, तर तो गाळ नव्हेच, ते पाण्यात विरघळलेलं लोखंड.

असं का होतं त्याचा हिशोब आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या दहापट बारीक पोयट्याचा कण तीन तास घेतो. दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीच्या कणाला तेच अंतर जायला तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. शेडीत याहून बारीक कण पुष्कळ असतात. बाजारात मिळणारा नेहमीचा पांढरा कॅण्डल फिल्टर पाच मायक्रॉनचा. म्हणजे रेती-पोयटा त्यात अडकतो आणि तो चोंदतो, आणि शेडी त्यातून आरामात पार जाते. "फिल्टर बसवला तरी पाणी पांढरंच" ही तक्रार इथून येते.

आता ही शेडी येते कुठून, हे सांगायला विहिरीत डोकावावं लागेल. आपल्याकडे वर जांभा. तो सच्छिद्र, पाऊस सरळ पिऊन घेतो. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, पडलेलं पाणी म्हणूनच खाली वाडीतल्या विहिरींत उतरतं. जांभ्याखाली पांढरी, पिवळी, कुठे जांभळट मऊ शेडी, आणि तिच्याखाली काळा दगड. पाणी जांभ्यातून झिरपतं, शेडीवर अडतं आणि झऱ्याच्या रूपाने विहिरीत येतं. जुन्या खोदणाऱ्यांना हे पाठ होतं. शेडी लागली की ते जपून खोदत आणि तिथलं बांधकाम नीट करत. पाण्याचा जोर वाढला की शेडी धुपते, झऱ्याबरोबर बाहेर येते आणि चिऱ्यांच्या मागे पोकळी होते. एक दिवस तिथला चिराच विहिरीत पडतो.

तुम्ही जेव्हा येता ते दिवस भाद्रपदाचे. विहीर काठोकाठ, जमीन भिजलेली. या दिवसांतला गढूळपणा बहुतेक वेळा वरून आलेला असतो. कठड्याला तडा गेलेला असतो, विहिरीभोवतीचा कोबा फुटलेला असतो, छपराच्या पागोळ्या विहिरीच्या बाजूला पडत असतात, नाहीतर चिऱ्यांच्या सांध्यांतून उंबराची मुळं आत शिरलेली असतात. खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, पाणी वळून विहिरीकडे येतंय का, हे भर पावसात छत्री घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गणपतीत पाऊस असतोच, तेवढा अर्धा तास काढा. कठडा अडीच-तीन फूट उंच हवा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा हवा आणि त्याच्या कडेने पाणी लांब नेणारी मोरी हवी. बांधकामाचे वरचे आठ-दहा फूट सिमेंटने सांधलेले असावेत, म्हणजे वरचं पाणी थेट आत येत नाही. त्याखालचे चिरे सिमेंटशिवाय, कोरडेच रचलेले राहू द्या. झरे तिथूनच येतात. संपूर्ण विहिरीला आतून गिलावा करून घेतलेली एक-दोन घरं माझ्या बघण्यात आहेत. त्यांच्या विहिरी दिसायला सुरेख आहेत, फक्त एप्रिलमध्ये त्यांत पाणी नसतं.

इथे एक कळकळीची विनंती. "सगळं पाणी उपसून टाक, नवीन भरेल ते स्वच्छ भरेल" असं भाद्रपदात कोणालाही सांगू नका. त्या दिवसांत बांधकामाच्या बाहेरची माती पाण्याने तट्ट भरलेली असते. आतलं पाणी आहे तोवर ते चिऱ्यांना आधार देतं. तुम्ही तीन-चार तासांत विहीर रिकामी केलीत की बाहेरचा दाब आत ढकलतो आणि जुनं कोरडं बांधकाम ढासळू शकतं. नाही ढासळलं, तरी झरे एकदम जोराने सुटतात आणि जी शेडी गप्प बसली होती तीही बाहेर येते. गणपतीच्या आठ-दहा दिवसांपुरतं पाणी निवळायचं असेल तर मोटार थोडा थोडा वेळ चालवा, एक टाकी भरून रात्रभर स्थिर ठेवा, वरचं पाणी वापरा. पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवायची तर हंड्यात फिरवा, विहिरीत खडा टाकू नका. आपल्याकडचं जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. अशा पाण्यात तुरटी हवी तशी काम करत नाही आणि जास्त टाकली तर पाणी तुरट आणि आणखी आम्ल होतं. दोन फेऱ्यांत निवळलं तर निवळलं, नाहीतर हट्ट सोडा.

शिमग्याला किंवा मेमध्ये येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा गढूळ पाणी येतं ते खालून. पाणी उतरलेलं असतं आणि फूटवॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप, गाळाच्या अगदी वर लोंबत असतो. विहिरीच्या आत बसणारी ओपनवेल मोटार असेल तर ती बहुतेकांनी थेट तळावरच ठेवलेली असते. ती पाण्याबरोबर तळही ओढते. रेतीने आतला पंखा आणि सील झिजतं आणि मग "दोन वर्षांत मोटार कशी गेली" म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. तळावर दोन-तीन चिऱ्यांचा ओटा करून मोटार त्यावर ठेवावी, किंवा तळापासून तीन-चार फूट वर टांगावी. विहिरीबाहेर वर बसवलेला मोनोब्लॉक पंप असेल आणि पाणी पंपापासून सहा-सात मीटरच्या आत असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. शेवटी लवचिक पाइप लावून फूटवॉल एका हवाबंद प्लॅस्टिक कॅनला बांधायचा. कॅन तरंगतो, फूटवॉल पाण्याच्या पातळीखाली दोन-तीन फुटांवर राहतो, पाणी उतरेल तसा तोही उतरतो. सगळ्यात निवळ पाणी वरच असतं, ते मिळतं. पातळी तळाजवळ आली की मात्र मोटार बंद करायला माणूस हवा. बंद घरात शिंपण्यासाठी टायमर लावून जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मोटार किती ताकदीची, हाही मुद्दा आहे. घरात चार माणसं आणि मागे दहा माड, त्यांना अर्धा एचपी पुरतो. "पुढे लागेल" म्हणून दोन एचपी बसवला की टाकी पंधरा मिनिटांत भरते खरी, पण झरा तेवढ्या वेगाने पाणी देऊ शकत नाही. विहिरीतली पातळी झर्रकन उतरते आणि झऱ्याच्या तोंडाशी माती ओढली जाते. छोटा पंप जास्त वेळ चालू द्या.

तांबूस पाण्याबद्दल थोडक्यात. जांभा मुळात लोखंडानेच लाल. विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंजासारखं बाहेर पडतं. टाकीत पाणी सोडतानाच भोकं पाडलेल्या पाइपातून शॉवरसारखं पडू द्या, रात्रभर बसू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून घ्या. फ्लशच्या टाकीत नारिंगी बुळबुळीत थर धरत असेल तर ते लोखंडावर वाढणारे जिवाणू. ते खरवडून काढून क्लोरीनच्या पाण्याने धुवावे लागतात.

गाळ काढण्याचं खरं काम चैत्र-वैशाखाचं. पूर्वी वाडीतली माणसं एकमेकांच्या विहिरी उपसत. आता माणसं मिळत नाहीत, म्हणून तुम्ही फोनवर कोणाला तरी ठरवता आणि पैसे पाठवता. ठरवा, हरकत नाही, पण एक अट घाला. विहिरीत डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन उतरवायचं नाही, काठाशी धूर आत जाईल असंही ठेवायचं नाही. उन्हाळ्यात विहिरीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. खोल, बंद, कुजलेला पाला असलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असतो. त्यासाठी जुनी माणसं कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरायचं नाही हे बरोबरच. पण कंदील पेटता राहिला म्हणजे धोका नाही, असं धरू नका. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योत विझवत नाही, माणूस मात्र विझवतो. विजेचा पंप वापरायचा, आणि माणूस उतरण्याआधी तो पंप विहिरीतून बाहेर काढायचा किंवा त्याची वीज तोडायची. ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा सोडायची. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला आणि तो ओढायला वर दोन धडधाकट माणसं हवीत. वरचा माणूस कधीही खाली उडी मारणार नाही, हे आधीच ठरवून ठेवायचं. या तयारीचे पैसे जास्त पडतात. ते देताना घासाघीस करू नका.

गाळ काढून झाला आणि तळ शेडीचा असेल तर तो तसाच सोडू नका. आधी धुतलेल्या वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी. वरचा थर खालच्याला दाबून धरतो, पाणी खालून वर येताना शेडी उचलत नाही. तळाला काळा दगड असेल तर याची गरज नाही.

"विहिरीची कटकटच नको, बोअर मारून टाकू" हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. मारा, पण शेडीचा भाग बोअरमध्येही येतोच. जांभा आणि शेडी पार करून काळ्या दगडात घट्ट बसेपर्यंत केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या भिंती धरून ठेवणारा पाइप, गेला पाहिजे. केसिंगचे पैसे फुटावर असतात, म्हणून कोणी मध्येच थांबायला सांगतं, कधी मालक, कधी गाडीवाला. मग पाइपच्या खालच्या टोकाकडून शेडी ढासळत राहते आणि बोअर जन्मभर पांढरं पाणी देतं. त्यावर वरून कुठलाच इलाज चालत नाही. बोअर चालू असताना घरचं जाणतं माणूस तिथे उभं असलं पाहिजे. शेडी किती फुटांवर संपली, दगड किती फुटांवर लागला, केसिंग किती फूट उतरलं, हे तीन आकडे लिहून घ्या. शेवटी पाणी निवळ येईपर्यंत कंप्रेसरने फ्लशिंग करून घ्या. आणि शेजाऱ्याच्या विहिरीला खेटून बोअर मारू नका. त्याचा झरा तुमच्याकडे वळला तर पुढच्या तीन पिढ्या गणपतीच्या आरतीला एकत्र येणार नाहीत.

आता थोडं टोचणारं. काही विहिरींतला गाळ हा त्या घराचा नसतोच, वरच्या घराचा असतो. मे महिन्याच्या शेवटी जेसीबी बोलवून तुम्ही खळं सपाट करता, गाडी लावायला उतार कापता, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मोडून रस्ता रुंद करता आणि सात जूनच्या आत मुंबईला परत जाता. उकरलेली लाल माती पहिल्या दोन मोठ्या पावसांत सरळ खालच्या परसात येते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उघडी माती त्यापुढे टिकत नाही. खालच्या घरी म्हातारी एकटी असते, ती तुम्हाला फोन करत नाही, मला करते. उतार कापायचाच असेल तर दिवाळीनंतर कापा, म्हणजे दगडी बांध घालायला आणि गवत लावायला पुढचा पावसाळा येईपर्यंत वेळ मिळतो. मोडलेला गडगा परत घाला. पाण्याची जुनी वाट बुजवू नका.

हे सगळं झाल्यावर फिल्टर. तेव्हा मी आनंदाने बसवून देईन. आधी धुता येणारा जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर, तोच जो आंब्या-काजूच्या ठिबकला लावतात. शेतीच्या दुकानात स्वस्त मिळतो, रेती आणि पालापाचोळा अडवतो. मग वीस मायक्रॉन, मग पाच, आणि स्वयंपाकघरात जंतू मारणारा अल्ट्राव्हायोलेट. आरओ बहुतेकांना लागत नाही. विकणारा माणूस पाण्यात टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, मीटरला चिखल कळत नाही. जांभ्यातल्या विहिरींचा टीडीएस बहुधा कमीच असतो, आणि भारतीय मानक 500 पर्यंत पाणी सहज चांगलं धरतं. खाडीकाठच्या खारट विहिरींचा प्रश्न निराळा, त्यांना आरओ लागेल. गढूळपणाची मोजणी वेगळी असते, एनटीयूमध्ये. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ती 1 च्या आत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालते. पाणी तपासायला द्याल तेव्हा हा आकडा मुद्दाम मागून घ्या.

टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शेवटी. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन मातीतल्या घाणीतच खर्च होतं आणि जंतू मातीच्या कणांआड लपतात. पाणी निवळल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण 28 हजार लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडायची. अर्ध्या तासाने पाणी वापरायला हरकत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलंत तर तो क्लोरीन उतरलं का, ते तपासूनही देईल.

येत्या मेमध्ये विहीर उपसायची असेल तर मला शिमग्याच्या आसपास कळवा. माणसं, पंप आणि ब्लोअर तेव्हाच ठरवावे लागतात, अक्षय तृतीयेनंतर कोणी मोकळं नसतं. येताना विहिरीची खोली, व्यास आणि मोटार किती फुटांवर आहे, हे वडिलांना किंवा काकांना विचारून लिहून आणा. आणि पंपाच्या खोलीची चावी शेजारी ठेवा. दरवेळी कुलूप तोडायला लावू नका.

आपला,
गावातला पंपवाला